व्याह्यांनी राखलेले बोंबील

खोटं बोलावं, पण त्यात वर्षं घालू नयेत. वर्षं घातली की खोट्याला वजन येतं, आणि मग ते वजन आपल्यालाच उचलत फिरावं लागतं. जयवंत परुळेकरांना ही गोष्ट कळली ती निवृत्त झाल्यावर, म्हणजे तशी उशिराच.

झालं होतं असं, की त्यांच्या अश्लेषानं आपलं लग्न आपणच जमवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, संकेत नावाचा, बार्शीचा. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त घर माळकऱ्यांचं. तीन पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. परुळेकर मूळचे मालवणकडचे, विमा कंपनीत नोकरी करून विरारला बोळिंजमध्ये फ्लॅट घेतलेले, आणि बुधवार-शुक्रवार-रविवार ताटात मासा नसेल तर घरात कुणी आजारी आहे की काय असं शेजाऱ्यांनी विचारावं, असे.

परुळेकर मंडळी बार्शीला घर बघायला गेली. पोहे झाले, शेवया झाल्या, सुपारी फुटली. सगळं सुरळीत चालू असताना संकेतची आजी, जिला सगळे आक्का म्हणतात, ती पलंगावरून म्हणाली, "तुम्ही कोकणातली. म्हंजे खात असाल."

तिच्या सुरात राग नव्हता, नुसती चौकशी होती. 'खातो, पण तुमच्या घरात मी तुमच्यासारखीच राहीन' हे उत्तर अश्लेषानं गाडीत बसल्यापासून तयार ठेवलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत तिचे वडील छाती पुढे काढून म्हणाले, "छे छे! बारा वर्षं झाली. मासा उंबरठ्याच्या आत नाही आमच्याकडे!"

बाराच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बारा म्हटलं की तपश्चर्या केल्यासारखं वाटतं, एवढंच. त्यांच्या पत्नी सुमेधाबाईंच्या हातातला चमचा वाटीत पडला. अश्लेषाला ठसका लागला. आक्कांनी मात्र समाधानानं मान हलवली.

परतीच्या वाटेवर अश्लेषा पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात ना, आता ते खरं करायचं. मी त्या घरात खोटी पडणार नाही." आणि तिनं मासे सोडले. पोरगी लहानपणी बोंबील भाजल्याचा वास आला की अभ्यास टाकून स्वयंपाकघरात येऊन बसायची, ती आता दुधीची भाजी मुकाट्यानं खाऊ लागली. मुलीसाठी सुमेधाबाईंनी सोडले. माशांचा तवा कामवालीला देऊन टाकला.

जयवंतरावांनीही सोडले. घरी सोडले. आणि त्याच आठवड्यापासून त्यांना पहाटे फिरायला जायची गोडी लागली. ट्रॅकपँट घालून ते गेटबाहेर पडायचे, नाक्यावर रिक्षात बसायचे आणि थेट अर्नाळ्याला, मथुराबाईकडे. मथुराबाई त्यांची वीस वर्षांची मासेवाली. तिच्या पडवीत बसून ते गरमागरम तुकडी खायचे, खोबरेल तेलानं हात चोळायचे, वर बडीशेप खायचे आणि घामेजल्या चेहऱ्यानं घरी यायचे. तीन महिन्यांत वजन वाढलं. "चालण्यानं भूक लागते," असं ते सुमेधाबाईंना सांगायचे.

आणि आता मार्च उजाडला होता, लग्न वैशाखातलं होतं आणि हॉल बघायला म्हणून संकेतचे वडील दयारामजी एकटेच दोन दिवस बोळिंजला आले होते.

दयारामजी उंच, काटक, पांढऱ्या सदऱ्याचे. शेती खात्यातून निवृत्त झालेले आणि आता स्वतःची शेती बघणारे. संकेत म्हणायचा, आमचे बाबा रोज पहाटे पाच मैल चालतात, पाऊस असो की थंडी, खाडा नाही. सुमेधाबाईंनी आल्याआल्या चहा विचारला तर म्हणाले, "आमच्यात चहा कुणी घेत न्हाई. आक्कानं सोडला तवापासून घरात पत्तीच न्हाई." मग त्यांना दूध दिलं. दूध पिताना त्यांचा चेहरा दुधीची भाजी खाणाऱ्या अश्लेषासारखा झाला होता, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हॉल एका तासात बघून झाला. रात्री जेवताना दयारामजी म्हणाले, "पाव्हणं, उद्या समुद्र दाखवा. चौपाटीवर एकदा बघितलाय, पण त्यो गर्दीतनं. मला कडंकडंनं चालायचंय. दिवसभर. असं ऐकलंय की हितनं किनाऱ्यानं चालत गेलं की पाण्यातला किल्ला दिसतो."

"तो... अर्नाळ्याला," सुमेधाबाई सहज म्हणाल्या.

जयवंतरावांच्या घशात भात अडकला. "त्यापेक्षा जीवदानी करू. डोंगर! पायऱ्या! तुंगारेश्वर करू!"

"डोंगर आमच्याकडंबी हायत की," दयारामजी म्हणाले. "समुद्र न्हाई."

तर असा हा पायी प्रवास ठरला: कळंबच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे निघायचं, राजोडी, नवापूर करत संध्याकाळपर्यंत अर्नाळा. जयवंतरावांनी रात्रीत मनाशी वेगळंच ठरवलं. व्याह्यांना राजोडीपर्यंतच इतकं दमवायचं, इतकं खाऊ घालायचं, की अर्नाळ्याचं नाव निघता कामा नये. कारण अर्नाळ्यात त्यांना ओळखत नाही अशी फक्त बेटावरच्या किल्ल्याची भिंत होती.

सकाळी सोसायटीच्या जिन्यावरून उतरताना तीन मांजरं जयवंतरावांच्या मागे आली. शेपट्या उभ्या करून, पायात घोटाळत, पार रिक्षापर्यंत. "प्राण्यांचा भारी लळा दिसतोय तुम्हास्नी," दयारामजी म्हणाले.

"भूतदया," जयवंतराव म्हणाले आणि रिक्षावाल्याला लवकर काढ म्हणाले.

कळंबचा किनारा त्या वेळी रिकामा होता. ओहोटी लागलेली, वाळू ओली आणि घट्ट, चालायला डांबरी रस्त्यापेक्षा बरी. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला पाणी. दयारामजींनी चपला हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि पहिली लाट पायावरून गेली तसे लहान मुलासारखे हसले. "आयला, खालची वाळू वढून न्हेतंय की हे!" असं म्हणून ते तिथंच उभे राहून पुन्हा पुन्हा पाय रुतवून घेऊ लागले. जयवंतरावांना बरं वाटलं. इथंच दुपार होईल, असा त्यांनी हिशेब केला.

पण हा माणूस एकदा चालायला लागला की थांबतच नव्हता. जयवंतराव टोपी, काळा चष्मा आणि नाकावर रुमाल अशा वेषात मागून धावत होते. तीन महिने पहाटे रिक्षातून फिरलेल्या माणसाचा दम तो किती असणार!

"हे बघा, इथून काय सूर्य दिसतो!" ते ओरडायचे.

"सूर्य सगळीकडनं दिसतोय, पाव्हणं. चला."

"माझा गुडघा..."

"चालल्यावर सुटंल."

एकाच गोष्टीला दयारामजी थांबायचे, चहाला. कळंबच्या टपरीवर एक झाला. राजोडीला पांढऱ्या क्रुसाशेजारी एक टपरी होती, तिथं दोन झाले. "तुम्ही चहा घेत नाही ना?" जयवंतरावांनी विचारलं. "वारं लई हाय. अंगात ऊब लागती," असं म्हणून दयारामजींनी बशीत ओतलेला चहा डोळे मिटून असा काही ओढला, की टपरीवालीनं आपण होऊन आणखी अर्धा कप दिला. जयवंतरावांचं मन मात्र पुढच्या वळणावर होतं, त्यामुळे त्यांना यात काही विशेष दिसलं नाही.

"इथूनच रिक्षा करू," त्यांनी सुचवलं. "खरा समुद्र इथपर्यंतच. पुढं नुसतं पाणी."

दयारामजींनी उत्तर म्हणून चपला उचलल्या.

नवापूरजवळ पहिली अडचण समोरून चालत आली. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. जयवंतरावांनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला, पण माणूस चेहऱ्यापेक्षा पोटावरून लवकर ओळखू येतो.

"सायेब! परवा आला नाय तो? सुरमय ठेवली होती तुमच्यासाठी. लय वाट बघितली, मंग दिली दुसऱ्याला!"

"बरं बरं," जयवंतराव म्हणाले आणि चालते झाले. दयारामजी मात्र थांबून त्या बाईकडे बघत राहिले. मग दोन ढांगांत त्यांनी जयवंतरावांना गाठलं.

"पाव्हणं, सुरमय कोण?"

"तिची... मुलगी. माझी विम्यातली ओळख."

"मुलगी तुमच्यासाठी ठेवली हुती?"

"म्हणजे, मी स्थळ बघणार होतो. तिच्यासाठी."

"आन् तुम्ही आला न्हाई म्हणून दिली दुसऱ्याला?"

"झालं लग्न. चांगलं झालं. सुखात आहे," जयवंतराव घाम पुसत म्हणाले.

दयारामजींनी मागे वळून त्या बाईच्या पाटीकडे एकदा बघितलं. "आपल्या पोरीच्या लग्नात असं न्हाई केलं म्हंजे बरं," एवढंच पुढे कधीतरी म्हणाले.

अर्नाळा जवळ आल्याचं आधी नाकाला कळतं. बांबूचे उंच मांडव, त्यांच्या दोऱ्यांना तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, खाली जुन्या जाळ्यांवर पसरलेली मांदेली, करंदी, जवळा. समोर पाण्यात किल्ला, आणि मध्ये रंगीत बावट्यांच्या होड्या. दयारामजी किल्ल्याकडे बघून थक्क झाले होते आणि जयवंतराव त्यांना किल्ल्याकडेच बघायला लावून मांडवांच्या आडून पुढे सरकवत होते. इतक्यात एका मांडवाखालून मथुराबाई उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"परुळेकर सायेब! बरे सापडले!"

संपलं, असं जयवंतरावांना वाटलं. अश्लेषाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आपण एक फुशारकी मारली आणि पोरीच्या लग्नावर आणून ठेवली, हे त्यांना त्या उन्हात, त्या वासात, पहिल्यांदा खरंखुरं कळलं.

पण मथुराबाईला बोलायला वेळच नव्हता. "आमची होडी लागली बंदरावर. घरात कोन नाय, सगली हळदीला गेल्यात. हितं कावले बघा किती! तुमी जरा बसा, मी आलेच. दा मिन्टं!" आणि उत्तराची वाट न बघता ती टोपली उचलून गेलीसुद्धा.

"विम्यातली ओळख," जयवंतराव म्हणाले.

"आलं ध्यानात," दयारामजी म्हणाले. "बसा."

आता कोळीवाड्यात कुणी 'जरा माल बघा' म्हणालं की उठून जाता येत नाही. तो रिवाज आहे. आज तुम्ही माझं राखा, उद्या मी तुमचं. जयवंतराव वीस वर्षं इथं येत होते, त्यांना हे माहीत होतं. दयारामजींना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते आधीच एका उलट्या टोपल्यावर उभे राहून चारी दिशा न्याहाळत होते.

कावळे हुशार. त्यांनी ओळखलं की राखणदार नवे आहेत. दोन आले, मग दहा, मग आकाशात घारी फिरू लागल्या. जयवंतराव टोपी हलवत "शुक् शुक्" करत होते. एका कावळ्यानं त्यांच्यादेखत मांदेली उचलली, समोरच्या बांबूवर बसून खाल्ली आणि चोच पुसली.

"असं न्हाई, पाव्हणं," दयारामजी खाली उतरले. त्यांनी वाळूत पडलेला जाळ्याच्या दोराचा तुकडा उचलला, मध्ये गळ्यातल्या पंच्याची घडी बांधली, आणि बघता बघता गोफण तयार झाली. तीत वाळूचं वाळलेलं ढेकूळ घालून त्यांनी ती डोक्यावरून गरगर फिरवली आणि "हाऽऽऽ हुर्रऽऽऽ" अशी आरोळी ठोकली. ढेकूळ कावळ्याच्या बोटभर अंतरावर फुटलं. सगळा थवा उठला. पलीकडच्या मांडवावरच्या दोन बायका उभ्या राहून बघू लागल्या. एक कुत्रा किल्ल्याच्या दिशेनं पळाला.

"लहानपणी जोंधळा राखायचो माळ्यावर बसून," दयारामजी म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "पन्नास वर्षांनी गोफण धरली बगा."

"पण हे मासे आहेत, व्याहीबुवा," जयवंतरावांच्या तोंडून गेलं. "तुम्हाला चालतं?"

"राखण ती राखण. माल कुणाच्या पोटात जाणार, हे राखणदारानं इचारायचं नसतंय."

दहा मिनिटं झाली, तास झाला, ऊन डोक्यावर आलं. मथुराबाईचा पत्ता नाही. अश्लेषानं करून दिलेली थालीपीठं दोघांनी मांडवाच्या सावलीत खाल्ली. जयवंतराव वर टांगलेल्या बोंबलांकडे बघत आणि खालचं थालीपीठ खात होते, त्यामुळे त्यांना ते अजिबात वाईट लागलं नाही. दयारामजी घास तोंडात आणि गोफण मांडीवर ठेवून जेवले. पुढं चालायचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. समुद्र समोर होता, किल्ला समोर होता, आणि कावळे त्यांना घाबरत होते. माणसाला आणखी काय हवं!

दुपार कलली आणि अचानक वारा फिरला. दक्षिणेकडून काळं आभाळ सरकत आलं. दयारामजींनी एकदा वर पाहिलं आणि ते ताडकन उठले.

"अवकाळी! पाव्हणं, उठा! माल भिजतोय!"

ही हाक ज्यानं कधी खळ्यावर पसरलेलं धान्य पावसात जाताना बघितलंय, त्याची होती. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत टाकली, वरचं बटण लावलं, "इठ्ठला, जरा तिकडं बघ," असं म्हणाले आणि दोन्ही हातांनी जवळा ओंजळीत घेऊन टोपलीत भरू लागले. दोन टपोरे थेंब पडले. दयारामजींचा हात आणखी भराभर चालू लागला. जवळा, करंदी, मांदेली, सगळं एकाच टोपलीत.

हे मात्र जयवंतरावांना बघवलं नाही. काही गोष्टी माणसाच्या रक्तात असतात.

"अहो, काय करताय! एकत्र करू नका!" ते किंचाळले. "जवळा वेगळा! जवळ्याला करंदीचा ओलावा लागला की सगळा कुजतो! मांदेली त्या उथळ टोपलीत, दाबू नका, मोडेल! आणि बोंबील दोरीवरून ओढू नका हो, शेपटीकडून सोडवा, असे! हा अजून आंबटओला आहे, हा बाजूला. हा बघा, कडक, कसा टणक वाजतोय! हा निखाऱ्यावर भाजायचा, वरून तेल, लसूण, मिरची..."

आणि ते थांबले. हातात एक बोंबील होता, नाकाजवळ धरलेला. डोळे अर्धे मिटलेले होते.

दयारामजी टोपली धरून शांतपणे त्यांच्याकडे बघत होते.

"बारा वर्षं," ते म्हणाले.

पाऊस तेवढ्यात थांबलाही. पडलाच नव्हता म्हणा, चार थेंब शिंपडून गेला. ऊन परत आलं, आणि त्या उन्हात जयवंतराव हातात बोंबील घेऊन उभे राहिले.

"खोटं बोललो," ते म्हणाले. टोपी काढली, चष्मा काढला, रुमाल काढला. "आम्ही खातो. पिढ्यान् पिढ्या खातो. तुम्ही कुणी मागितलं नव्हतं, मी आपला उगाच फुशारकी मारून गेलो. पोरीचा यात काही दोष नाही, व्याहीबुवा. ती खरं सांगणार होती. लग्न मोडायचं तर माझ्या तोंडावर मोडा, पण तिला खोटारडी म्हणू नका. पाया पडतो." आणि ते खरोखरच वाकायला लागले. दयारामजींनी त्यांना मध्येच धरलं.

"आन् ती सुरमय?"

"मासा आहे."

"वाटलंच. त्या बाईच्या पाटीतनं शेपूट दिसत हुतं." दयारामजी वाळूत बसले. "पाव्हणं, मला सकाळपासनंच ठावं हाय. शाकाहारी माणसाच्या मागं तीन तीन मांजरं लागत न्हाईत."

"मग बोलला का नाहीत?"

दयारामजींनी गोफणीचा दोर बोटाला गुंडाळला. "खरं सांगू? तुम्ही बारा वर्षं म्हणला, तवापासनं मला झोप न्हाई. म्हटलं, ज्या घरानं आवडीचा घास बारा वर्षं सोडला, त्या घरची पोरगी आमच्यात येणार. म्हंजे आणखी एक त्यागमूर्ती! त्यागी माणसासंगं राहणं लई अवघड असतंय हो. आमच्या घरात एक हाय ती बास हाय. आक्कानं चहा सोडला, तर अख्ख्या घराचा सुटला. तिच्या तोंडासमोर कुणाची बिशाद न्हाई कप धरायची." ते थोडे पुढे झुकले. "मी पहाटे पाच मैल चालतो ते काय तब्येतीसाठी व्हय? बार्शीच्या स्टँडवर चहा मिळतो!"

जयवंतरावांच्या पोटातून हसू आलं, ते आवरेना. "मी... मी पण पहाटे फिरायला जातो," ते कसेबसे म्हणाले. "रिक्षानं!" दोन म्हातारे वाळूत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि तेवढ्या वेळात कावळ्यांनी मांदेलीच्या टोपलीतून आपला वाटा नेला.

मथुराबाई आली तेव्हा उन्हं उतरत होती. "ह्ये काय? सगला गोला का केला? ऊन हाय ना अजून!"

"पाऊस आला होता," जयवंतराव म्हणाले. "तू दहा मिनिटं म्हणाली होतीस!"

"दा मिन्टातच येत होते. पन लांबून बघितला, ह्ये बाबा असे राखतात की माजा नवरापन कदी राखला नाय. म्हटलं, मासली इकून येव. मंग म्हटलं, बाजार करून येव. मंग हळदीलापन जाऊन आले." तिनं पदराखालून दोन पुड्या काढल्या. केळीच्या सोपटात बांधलेली पुडी तिनं दयारामजींपुढे धरली. "तुमी माळवाले. तुमाला आगाशीची सुकेळी. केळीच हायत, उनात वालवलेली, चालतील. आनि सायेब, तुमाला कडक बोंबील." मग ती जयवंतरावांना म्हणाली, "आज तरी ताईसाठी न्या. दर टायमाला इचारते दोन तुकडं बांधू काय पोरीला, तर नको म्हनतात. ल्हान होती तवा माज्या टोपलीतून उचलून खायची ती."

जयवंतरावांचं हसू एकदम मावळलं. तीन महिने. मुलगी त्यांच्या शब्दासाठी घरात दुधी खात होती, आणि ते इथं बसून तुकड्या मोडत होते, वर बडीशेप खात होते. एकदाही, एकदाही त्यांच्या घशात घास अडकला नव्हता. व्याह्यांपुढे खोटं पडल्याची त्यांना वाटली नव्हती एवढी लाज आता वाटली.

"मी नाही देऊ शकत तिला," ते पुडीकडे बघत म्हणाले. "कुठल्या तोंडानं देऊ?"

दयारामजींनी त्यांच्या हातातून बोंबलांची पुडी काढून घेतली आणि आपल्या काखेत मारली. "राखण मी केली. मजुरी मी न्हेणार. आक्काला काय सांगायचं तेबी मी बघतो. चहाचंबी त्याच दमात सांगून टाकतो, म्हंजे एकदाच काय तो आरडाओरडा."

रिक्षावाला नाक मुरडून दोनदा मागे वळला. बोळिंजला गेटपाशी तीन मांजरं होती, जिन्यात पाच झाली. या वेळी ती जयवंतरावांकडे न बघता दयारामजींच्या धोतरामागे रांगेनं चढली.

दार अश्लेषानं उघडलं. आधी तिला वास आला आणि ती वडिलांकडे रागानं वळली. मग तिनं पुडी कुणाच्या काखेत आहे ते पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "सांगितलंत?"

जयवंतरावांनी मान खाली घातली. "सांगितलं. आणि तुला पण एक सांगायचं आहे. मी गेले तीन महिने..."

"ते मागनं सांगा," दयारामजी म्हणाले. त्यांनी पुडी दोन्ही हातांत धरून सुनेपुढे केली. "पोरी, दिवसभर उभं राहून राखल्यात. आमच्या घरी आलीस की आमच्यासारखी राहा. पण हे घर तुझं हाय. आधी मला एक कडक चहा टाक आन् मग हे भाज."

अश्लेषाचे डोळे भरून आले. तिनं पुडी छातीशी धरली, मांजरांनी एकच गलका केला.

दयारामजींनी दारातली पायपुसणी बाहेर ओढली, तिच्यावर मांडी घालून बसले आणि खांद्यावरची गोफण काढली.

"निवांत जेव तू," ते आत बघून म्हणाले. "मी हाय हितं राखायला."